चित्रपुस्तकातून माया: पहिली-दुसरीच्या वर्गात गोष्टीचा तास कसा घ्यावा

पहिली-दुसरीचा वर्ग पहिल्यांदाच हाती आलेल्या शिक्षक-शिक्षिकांसाठी हा लेख आहे. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी हे वर्ग बरीच वर्षे शिकवले. मुलांनी एकमेकांशी मायेने वागावे यासाठी चित्रपुस्तके कशी वापरायची, हे मी चुका करत करत शिकले. त्यातल्या निदान काही चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

पहिली चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी बोधकथांचे एक जाडजूड पुस्तक घेऊन दर शनिवारी एक गोष्ट वाचत असे आणि शेवटी विचारत असे, "मग मुलांनो, तात्पर्य काय?" वर्ग एका सुरात ओरडे, "सर्वांशी प्रेमाने वागावे!" आमच्या भागात दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचे गाळप सुरू झाले, की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांची काही मुले चार-पाच महिन्यांपुरती आमच्या शाळेत बसतात. त्या वर्षी अशी एक मुलगी दुसरीत आली होती. प्रेमाने वागण्याचे तात्पर्य ओरडून दहा मिनिटेही झाली नव्हती, तोच खिचडीच्या पंगतीत तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. कोणी तिला टाकून बोलले नाही की ढकलले नाही. प्रत्येक जण थोडा थोडा सरकून बसला, एवढेच. तात्पर्य सगळ्यांना पाठ होते, पण तिच्या चेहऱ्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

मुलांना चेहऱ्याकडे पाहायला लावणे, हे चित्रपुस्तकाचे खरे काम आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'दयाळूपणा' हा शब्द नुसता पाठ करता येतो, पण चित्रातल्या मुलाची खाली गेलेली मान त्याला कोणी न सांगता कळते. मी स्वतः वर्गात 'दया' हा शब्द टाळते. दया वरून खाली येते. करणारा मोठा आणि घेणारा लहान, असा तिचा ढंग असतो. आमच्याकडच्या मुलांच्या तोंडी 'माया' आहे, तोच शब्द या कामाला पुरतो.

हाताशी काय हवे

सुरुवातीला सहा ते आठ चित्रपुस्तके पुरेशी आहेत. एका पुस्तकावर नीट काम केले, तर दोन आठवडे सहज जातात, त्यामुळे पन्नास पुस्तकांचा गठ्ठा मिळेपर्यंत थांबू नका. त्याखेरीज पुढील वस्तू जमवा:

- मुले जवळ बसू शकतील अशी एक सतरंजी किंवा दोन बस्करपट्ट्या
- पानांत खुणेसाठी घालायला कागदाच्या अरुंद चिठ्ठ्या
- कोरे कागद, रंगखडू, दाभण आणि जाड दोरा (मुलांचे स्वतःचे पुस्तक शिवण्यासाठी)
- रुंद चिकटपट्टी आणि खळ
- एक दोनशेपानी वही, जी फक्त तुमच्यासाठी असेल

कागदपत्रांचे म्हणाल, तर तीन गोष्टी आधीच उरकून घ्या. पहिली, वेळापत्रकातली जागा. आठवड्याला तीस मिनिटांच्या दोन तासिका मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. आनंददायी शनिवारात एक सहज बसते. "यात अभ्यास कुठे आहे?" असा प्रश्न हमखास येईल. तेव्हा शांतपणे सांगा, की ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात वाचन-लेखनाइतकाच ऐकण्या-बोलण्यावरही भर आहे आणि चित्रावर बोलणे हे त्याच कामात मोडते. दुसरी गोष्ट, शाळेच्या ग्रंथालयाच्या नोंदवहीत या पुस्तकांचे दाखल क्रमांक पाहून ती रीतसर आपल्या नावावर घ्या. तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते: शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत असा ठराव करून घ्या, की मुलांनी हाताळताना फाटलेली पुस्तके वर्षअखेरीस निर्लेखित केली जातील, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी केली जातील. भरपाईच्या धास्तीने कितीतरी शाळांत चित्रपुस्तके कुलपात कोरीकरकरीत राहिलेली मी पाहिली आहेत.

१. पुस्तक उघडण्याआधी आठवडाभर वर्ग पाहा

कोणते पुस्तक घ्यावे, याचे उत्तर दुकानात मिळत नाही, ते वर्गातच मिळते. पाच दिवस रोज मधल्या सुट्टीनंतर वहीत चार-पाच ओळी लिहा. खो-खोचा गट पाडताना शेवटी कोण उरते, कोणाला कोणत्या टोपणनावाने हाक मारतात, कोणाची पेन्सिल गेली की कोणी न मागता स्वतःची पुढे करते, कोण कोणाच्या बोलण्याला हसते, हे टिपा. लिहिताना विशेषणे टाळा. 'खोडकर', 'भांडखोर' असे लिहिले, की आपले पाहणे तिथेच थांबते. 'खोडरबर घेतला, मागितल्यावर दिला नाही, नंतर गुपचूप दप्तरावर ठेवला' असे लिहिले, तर त्या मुलाबद्दल काहीतरी कळते.

माझ्या वहीतून निघाले ते मला अनपेक्षित होते. मारामारीच्या नोंदी आठवड्यात जेमतेम दोन होत्या आणि हसण्याच्या नऊ. बीडकडची मुलगी "मी येयलाव" म्हणाली, की आमची मुले खिदळत. त्यांना त्यात वाईट काही वाटत नव्हते, तो एक गमतीचा आवाज होता. म्हणजे मला भांडण न करण्याचे पुस्तक नको होते. नव्या जागी आलेल्या मुलाचे हवे होते.

२. पुस्तक निवडा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण पुस्तक चुकले तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आधी एक सोपी परीक्षा. पानावरचा मजकूर हाताने झाका आणि नुसती चित्रे पाहत शेवटपर्यंत जा. मजकुरात नसलेले काही चित्रात सापडले, म्हणजे मजकूर म्हणतो 'सगळे खेळू लागले' आणि चित्राच्या कोपऱ्यात एक जण झाडाला टेकून उभा आहे, तर ते आपल्या कामाचे पुस्तक. चित्र जर मजकुराचीच री ओढत असेल, तर मुलांना शोधायला काही उरत नाही. अजिबात शब्द नसलेली चित्रपुस्तकेही असतात. नवे शिक्षक त्यांना बिचकतात, पण आठवडाभर वापरून पाहा. पहिलीतल्या वाचता न येणाऱ्या मुलाला तिथे इतरांच्या बरोबरीने बोलता येते.

दुसरी गोष्ट पात्रांची. आपल्याकडे लहान मुलांची गोष्ट म्हटले, की ससा, कोल्हा आणि सिंह हटकून येतात. मलाही ते प्रिय आहेत. परंतु टोरांटो येथील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास विचार करायला लावतो. चार ते सहा वर्षांच्या मुलांपैकी काहींना वाटून घेण्याविषयीची गोष्ट माणसांच्या चित्रांसह वाचून दाखवली आणि काहींना तीच गोष्ट माणसांसारखे वागणाऱ्या प्राण्यांच्या चित्रांसह. नंतर स्वतःला मिळालेली स्टिकरे दुसऱ्याला देण्याची वेळ आली, तेव्हा माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आधीपेक्षा जास्त स्टिकरे दिली, तर प्राण्यांची ऐकलेल्यांनी आधीपेक्षा कमी दिली. तेवढ्यावरून सशाला हद्दपार करण्याची गरज नाही. मात्र वर्गातल्या एखाद्या नेमक्या वागणुकीवर काम करायचे असेल, तेव्हा मुलांसारखी मुले असलेले पुस्तक घ्या, आणि ससा-कोल्हा मजेसाठी राखून ठेवा.

तिसरी गोष्ट आरसा आणि खिडकीची. अमेरिकेतील बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये असे मांडले, की पुस्तके मुलांसाठी आरसे असतात, खिडक्या असतात आणि सरकती काचेची दारेही असतात. आमच्या वर्गात मी हे अगदी शब्दशः घेते. सहा पुस्तकांपैकी दोन-तीन पुस्तकांत आमच्यासारखे गाव, उसाचा फड, सायकलवरून शाळेत येणारी मुले दिसली पाहिजेत, आणि उरलेल्यांत आम्हाला माहीत नसलेले घर. ऊसतोड करणाऱ्यांच्या कोपीत राहणाऱ्या मुलाला सगळी पुस्तके खिडक्याच असतात. त्याच्यासाठी एखादा तरी आरसा शोधा.

आता सापळे. ज्या पुस्तकात गरीब, आजारी किंवा अपंग मूल फक्त मदत घेण्यासाठीच येते आणि नायक फळे देऊन निघून जातो, ते परत ठेवा. त्यातून मुले 'बिचारा' म्हणायला शिकतात, आणि एकदा बिचारा ठरलेल्या मुलाला कोणी खेळायला घेत नाही. शिक्षेवर बेतलेल्या गोष्टींचेही तेच. टोरांटोच्याच संशोधकांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, लांडगा आला रे आलासारखी खोटेपणाची फळे दाखवणारी गोष्ट ऐकून मुलांचे खोटे बोलणे कमी झाले नाही. खरे बोलणाऱ्या मुलाचे कौतुक झाल्याची गोष्ट ऐकलेली मुले मात्र जास्त वेळा खरे बोलली. विषय दयाळूपणाचा नसला, तरी धडा मला पटतो. तुसड्या मुलाची फजिती दाखवणाऱ्या पुस्तकात मुलांना फजितीच आवडते.

पुस्तके मिळण्याची ठिकाणे थोडक्यात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत मराठी पुस्तके आहेत आणि ती स्वस्त असतात. ज्योत्स्ना प्रकाशन, तुलिका आणि प्रथम बुक्स यांचीही चित्रपुस्तके मराठीत आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टी चार वाचनपातळ्यांत लावलेल्या असून त्या मोफत वाचता, उतरवून घेता आणि छापताही येतात. शाळेत दूरदर्शन संच असेल तर मोठ्या पडद्यावर दाखवण्याचा मोह होईल. पण पान उलटण्याची उत्सुकता पडद्यावर मरते, असा माझा अनुभव आहे. शक्य तर रंगीत छापून घ्या आणि जाड पुठ्ठ्यात शिवा. सुट्टीत एखादा दिवस काढून महाबळेश्वर तालुक्यातील भिलारला जा. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव आहे. घराघरांत विषयवार पुस्तके मांडलेली असतात आणि बालसाहित्याच्या घरात बसून दिवसभर पाने उलटता येतात. खरेदीआधी इतकी पुस्तके हाताळायला मिळण्याची दुसरी सोय आपल्या भागात मला माहीत नाही.

३. घरी तीनदा मोठ्याने वाचा

एकदा वेळ मोजण्यासाठी, एकदा आवाजासाठी आणि एकदा फक्त चित्रांसाठी. तिसऱ्या वाचनात थांबण्याच्या जागा ठरवा आणि तिथे चिठ्ठ्या घाला. थांबे तीनच ठेवा. मी एकेकाळी दर पानाला थांबत असे आणि शेवटी शेवटी मुले माझ्याऐवजी खिडकीबाहेरच्या ट्रॅक्टरकडे पाहत. थांबा शक्यतो पान उलटण्याच्या अगदी आधी असावा, कारण पुढे काय होईल हे न कळण्याचा तो क्षण असतो आणि मुले तेव्हाच मनापासून बोलतात.

४. बैठक

मुलांना अर्धवर्तुळात बसवा, उजेड पुस्तकावर पडेल असे स्वतः बसा आणि पुस्तक मांडीवर न ठेवता खांद्याशी, मुलांकडे तोंड करून धरा. चित्र कोपऱ्यातल्या मुलापर्यंत पोहोचले की नाही, हे आदल्या दिवशी तिथे स्वतः बसून तपासा. पटावर तीसपेक्षा जास्त मुले असतील, तर दोन गट करा.

५. पहिले वाचन न बोलता ऐकू द्या

पहिल्या दिवशी प्रश्न विचारू नका. मुखपृष्ठ दाखवा, नाव वाचा आणि सावकाश शेवटपर्यंत जा. मुले मध्ये बोलली तर मान हलवा आणि पुढे चला. गोष्ट संपली की पुस्तक मिटून शांत बसा. इथे 'आपण काय शिकलो?' असे जिभेवर येते, ते गिळा. मी तर काही महिने पुस्तकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने 'गप्प' असे लिहून ठेवत असे. त्या दिवशी पुस्तक मुलांच्या हाती द्या. कोणते पान उघडून मुले घोळका करतात, ते वहीत टिपा, कारण दुसऱ्या दिवशीचा एक थांबा तिथे असला पाहिजे.

६. दुसरे वाचन: बोलणे इथे होते

ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे, तो प्रश्न मुलांच्या लगेच लक्षात येतो आणि मग ती तुम्हाला हवे ते उत्तर देतात. म्हणून 'तिने योग्य केले का?', 'तुम्ही असे वागाल का?' हे प्रश्न टाळा. माझ्या कामाला आलेले प्रश्न असे:

- या चित्रात तुम्हाला काय काय दिसते?
- हे कशावरून म्हणतोस? मला बोट ठेवून दाखव.
- याने पाहिले आहे का? पाहिले असेल तर तो थांबला का नसेल?
- आणखी कोणाला वेगळे वाटते?

'बोट ठेवून दाखव' हा त्यांतला सर्वांत मोलाचा. 'ती दुःखी आहे' असे मूल पटकन म्हणते, पण बोट कुठे ठेवायचे म्हटले, की त्याला डोळे, खांदे, घट्ट धरलेली मूठ नीट पाहावी लागते. हीच नजर पुढे पंगतीत उपयोगी पडते.

आमच्या वर्गातला एक संवाद वहीत जसाच्या तसा आहे, तो इथे देते. चित्रात शाळेच्या पायरीवर एक मुलगी मांडीवर डबा घेऊन बसलेली होती, झाकण बंद. पलीकडे इतर मुले जेवत होती. मी विचारले, "काय दिसतंय?"

पुढचा एक जण म्हणाला, "बाई, तिला भूक न्हाई लागली."

"भूक हाय," दुसरा म्हणाला, "डबा मोकळा आसंल."

"मोकळा न्हाई. बघ की, कसा धरलाय. जड हाय."

मग त्या वर्षी बीडकडून आलेली मुलगी, जी तोवर गोष्टीच्या तासाला कधी बोललीच नव्हती, म्हणाली, "तिला डबा उघडायची लाज वाटायलीय."

'वाटायलीय' वर दोघे फिसकन हसले. मी काही बोलले नाही. मला फार बोलावेसे वाटत होते, तरी मनात दहा आकडे मोजले. सात-आठपर्यंत आले असेन, तेव्हा कोणीतरी विचारले, "का गं?"

"भाकर काळी हाय ना तिची."

आमच्याकडे शाळूची पांढरी भाकरी. बाजरीची भाकरी वर्गातल्या बहुतेकांच्या डब्यात कधी नसते. थोडा वेळ सगळे त्या बंद डब्याकडे पाहत राहिले, जणू झाकणातून भाकरी दिसणार होती. मग भिंतीजवळचा एक मुलगा म्हणाला, "आमची आजी करती की तसली. भोगीला. तीळ लावून."

एवढेच. मी पान उलटले. यात शिक्षिकेने काय केले, असे विचाराल तर दहा आकडे मोजले. नव्या शिक्षकांना हेच सर्वांत अवघड जाते. वर्गातली शांतता म्हणजे आपले अपयश असे आपल्याला वाटते, आणि मुलांचा विचार पुरा होण्याआधीच आपण तात्पर्य सांगून मोकळे होतो.

७. एका मुलाकडे बोट दाखवणारे पुस्तक त्या आठवड्यात वाचू नका

हा सापळा इतका साधा दिसतो, की मी त्यात डोळे उघडे ठेवून पडले. पहिलीत एक मुलगा अडखळत बोलायचा आणि मुले त्याची नक्कल करायची. मला तसेच अडखळणाऱ्या मुलाचे एक चांगले पुस्तक मिळाले आणि मी ते दुसऱ्याच दिवशी वाचायला घेतले. दुसरे पान उलटण्याआधी सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या होत्या. तो पुढचे दोन दिवस शाळेत आला नाही. पुस्तकाचा काही दोष नव्हता. घाई माझी होती.

त्यानंतर मी असे करते: विषय तोच, पण गोष्टीतली अडचण वेगळी. अडखळणाऱ्या मुलासाठी चष्मा लागलेल्या मुलीचे पुस्तक, आई-वडील फडात गेल्यावर धाकट्याला सांभाळून शाळेत येणाऱ्या मुलीसाठी आजोळी ठेवलेल्या मुलाचे. ज्याचे त्याला बरोबर कळते. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर तसा विषय निदान त्या सत्रात काढू नका, आणि काढायचा झालाच तर आधी घरच्यांशी बोला. गोष्ट चालू असताना कोणाचेही नाव घेऊन 'आपल्या वर्गातही असे कोणी आहे ना?' असे कधीही म्हणू नका.

८. पुस्तकातून वर्गात

दुसऱ्या वाचनानंतर एखादे छोटे काम द्या. मुले दोघादोघांनी चित्रातला एकच क्षण हालचाल न करता उभे राहून दाखवतात, आणि उरलेले ओळखतात की कोण काय विचार करत आहे. पात्रे बदलून पुन्हा. सरकून बसणाऱ्याची जागा घेतलेले मूल जेव्हा रिकाम्या जागेशेजारी बसते, तेव्हा ते जे बोलते ते ऐकण्यासारखे असते.

दोन महिन्यांनी मुलांकडून आठ पानांचे पुस्तक करून घ्या. कागद दुमडा, दाभणाने मधोमध तीन भोके पाडा, दोरा ओवा. विषय 'आमच्या वर्गात काल' एवढाच. आमच्या पहिल्या पुस्तकात एका पानावर नळाखाली दोन ओंजळी होत्या आणि खाली लिहिले होते, 'तिनं माजी बाटली धरली'. शुद्धलेखन दुरुस्त करू नका. ते दुसऱ्या तासाला.

आता चांदण्यांचा तक्ता. भिंतीवर मुलांची नावे आणि प्रत्येक चांगल्या कामाला एक चांदणी, हे आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. मीही लावला होता. आठवड्याभरात मुले पडलेला खडू उचलून "बाई, बघा, मी दिला!" असे सांगत रांगेत उभी राहू लागली, आणि एकाने तर चांदणीसाठी आधी स्वतःच खडू पाडला. लाइपझिग येथे फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वीस महिन्यांची बाळे मोठ्यांना पडलेली वस्तू उचलून देत होती. ज्या बाळांना त्याबद्दल बक्षीस मिळाले, ती पुढे बक्षीस न मिळालेल्यांपेक्षा कमी मदत करू लागली. चांदण्या त्याच दिवशी उतरवल्या. त्याऐवजी मुलांना एकत्र करावी लागतील अशी कामे द्या. शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह सुरू केले, तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंक्तीला जेवत. आपल्या हातात वसतिगृह नसले, तरी खिचडी वाढण्याची जोडी, झाडांना पाणी घालण्याची जोडी आणि पुस्तके लावण्याची जोडी ठरवणे हातात आहे. जोड्या दर सोमवारी बदला. नव्याने आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात वाढण्याचे काम द्या; वाढणाऱ्यापासून कोणी सरकून बसत नाही.

९. पुस्तक घरी पाठवा

शुक्रवारी एक पुस्तक एका मुलासोबत घरी जाऊ द्या, कापडी पिशवीत. पालकांना सूचना एकच: मुलाला 'काय शिकलास?' असे विचारू नका, त्याला चित्रे दाखवू द्या. ज्या आजीला अक्षरओळख नाही, ती चित्रपुस्तकाची सर्वांत चांगली वाचक ठरते, कारण ती खरोखर विचारते, "हा का रुसलाय रे?" तिला उत्तर माहीत नसते. काही घरांतून 'फाटले तर?' म्हणून पुस्तक न उघडताच परत येते. अशा वेळी मी एखादे आधीच चिकटवलेले, जुने पुस्तक मुद्दाम पाठवते. ऊसतोडीची मुले फेब्रुवारी-मार्चमध्ये परत जातात; जाताना त्यांच्या शिक्षण हमी कार्डासोबत (स्थलांतरित मुलाला पुढच्या शाळेत दाखवायला दिले जाणारे कार्ड) वर्गाने केलेल्या शिवलेल्या पुस्तकाची एक छायाप्रत द्या.

१०. नोंदी आणि जपणूक

दर पुस्तकाला वहीचे एक पान द्या: तारीख, तीन थांबे, कोण पहिल्यांदा बोलले, आणि नंतरच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत दिसलेले एखादे वागणे. गुण देऊ नका. फरक दिसायला आमच्याकडे जवळजवळ एक सत्र गेले, आणि तोही हसण्याच्या नोंदी नऊवरून तीन-चारवर येण्याइतकाच होता. मध्येच एखादा आठवडा असा येतो, की मुले गोष्टीच्या तासाला शहाण्यासारखी बोलतात आणि बाहेर जाऊन एकाचे दप्तर विहिरीच्या कठड्यावर ठेवतात. तोही आठवडा लिहून ठेवा.

फाटलेली पाने मुलांसमोर, मुलांच्याच हाताने चिकटवा. आणि नदीकाठी शिकवत असाल, तर पुस्तके खालच्या कप्प्यात ठेवू नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर आम्ही ओली पुस्तके तशीच मिटलेली उन्हात मांडली, आणि गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या. पुस्तक ओले असतानाच प्रत्येक पानात कोरा कागद घालायचा, तो भिजला की बदलायचा आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवायचे, हे आम्हाला नंतर समजले. आता चित्रपुस्तके वरच्या फळीवर पत्र्याच्या पेटीत असतात. शनिवारी पेटी दोघे मिळून खाली उतरवतात, आणि तिची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असते, पहिलीतल्या मुलाचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर.